भद्रा मारुतीची शपथ अन् चुन्याची पुडी

मुकुंदवाडी,
सोमवार

ती. दाजींना मेव्हणा सांडूचा नमस्कार. (हात दोन्ही जोडलेत, डोळा मात्र एकच उघडाय, अक्षर सांभाळून घ्या.) ताईचे गुडघे कसे आहेत? फोन केला असता, पण तुमचा फोन ताई उचलते अन् माझा द्वारका. म्हणून हे पत्र आमच्या गल्लीतल्या राजकुमारच्या हाती वैजापूरला धाडतोय, तो कांदे बघायला तिकडं निघालाच होता.

भद्रा मारुतीपुढं तुमच्या साक्षीनं मी तंबाखू सोडली, तवा बायकोनं, द्वारकानं, माझ्या जोडीला चहा सोडला. सकाळी कोमट पाणी पिऊन बिचारी डोकं धरून बसायची. मला लई वाईट वाटायचं. इतकं, की ते विसरायला मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जाऊन चिमूटभर मळायचो. काल चुन्याच्या पुडीचं तोंड सुकलेलं. दातानं फोडून दाबली, तर सगळा चुना थेट उजव्या डोळ्यात. आग अशी झाली, की आपण लपलोय हे विसरून मी अख्खी गल्ली गोळा केली.

दवाखान्याच्या अपघात विभागात शेजारी वाळूजचा एक वेल्डर वेल्डिंगच्या उजेडानं भाजलेल्या दोन्ही डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या बांधून बसला होता (त्याचा काळा चष्मा खिशात, एकदम कोरा). डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डोळ्यात काय गेलं? द्वारका माझा हात धरून उभी. मी म्हणलं, धूळ. बाई म्हणाल्या, धूळ असंल तर औषधाचे थेंब टाकून घरी जा. चुना असंल तर आत्ताच्या आत्ता धुवावं लागंल, नाहीतर डोळा पांढरा पडून कायमचा जाईल. आता सांगा दाजी, डोळा ठेवावा का इज्जत? मी खरंच भ्यालो. म्हणलं, चुना. द्वारकानं हात सोडला. मग सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या डोळ्यात ओतल्या. डोळा वाचला. द्वारका तवापासून धड बोलत नाय.

तुमचा,
सांडू

ता.क. : पुडी तुमची, इथं विसरलेली, फेकायला गेलो तर फुटली, असं मी तिला सांगितलंय. तुमची तंबाखू सगळ्या वैजापूरला ठाऊक आहे, तुमचं काय जातंय? रविवारी येऊन तेवढं 'व्हय' म्हणा. माझ्यापायी तिनं चहा सोडला हो, मला तोंड दाखवायला जागा नाय.

आणखी ता.क. : पत्र घडी करून उशाशी ठेवलं अन् जरा पडलो, तेवढ्यात शेजारच्या रत्नमालाबाई दारात आल्या. मला झोप लागली असं समजून हळूच म्हणाल्या, "द्वारका, चल की. तुझा रोजचा कप भरून ठेवलाय, निवून चाललाय." अन् द्वारका गेली. तुम्ही रविवारी या मात्र. एक डोळा डॉक्टरीणबाईंनी झाकलाय, दुसरा माझा मीच झाकून घेतला.