आबांचा बाक

धुळे, रविवार, नोव्हेंबर १९८९

अजून खरं वाटत नाही! सातपुड्यातली जंगलतोड थांबवा म्हणून निवेदन द्यायला आज आमचं चर्च आणि कॅथलिक चर्च पहिल्यांदा एकत्र बसलं. आवार त्यांचं, बाक आमचे. आमच्या मंडळीचे पंच आबा तीस वर्षांत त्या फाटकातून आत गेले नव्हते. पण आपल्या वडिलांनी चर्चला दिलेल्या बाकाला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना कसा खपणार? स्वतःच उचलून आत आले! मी हसू कसं दाबलं, माझं मला माहीत.

आणि नेमकी त्याच बाकावर सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली एक म्हातारी बसली. आबा ताटकळत उभे. ती सरकली. "बस ना भाऊ, बठ्ठासले जागा शे." सगळ्यांना जागा आहे म्हणे!

बसले! सहीसुद्धा केली. निघताना मी बाक उचलायला गेले, तर माझ्यावरच खेकसले, "राहू दे इथंच. पुढच्या रविवारी बसायला नको?"