अस्वल उठेपर्यंत

अब्बा, काल पुन्हा एका अस्वलाला भूल देऊन झोपवलं आणि तुमची फार आठवण झाली. तुमचा आवाज म्हणजे काय सांगू! कालवणात मीठ कमी पडलं तरी राजारामपुरीतल्या निम्म्या गल्लीला कळायचं. तुमच्यासारखीच जनावरांची डॉक्टर होऊन मी हाताखाली आले, तरी ओरडणं काही थांबलं नाही.

ऐंशी सालच्या सुमाराची ती अस्वलाची मादी आठवते? दाजीपूरच्या जंगलाकडेला फासात अडकलेली, पंजात तार रुतलेली. लांब बांबूला सुई बांधून तुम्ही भुलीचं औषध टोचलंत. ती आडवी झाली, पण डोळे टक्क उघडे. मी दचकले. तुम्ही हळूच म्हणालात, "या भुलीत डोळं मिटत न्हाईत. ऐकू पण येत असंल तिला. आवाज करू नको." तिच्या डोळ्यांत मलम घातलंत आणि वर आपला रुमाल टाकलात. मी तार कापली, जखम धुतली. आणि मग ती उठेचना. ऊन चढतंय, ते काळंभोर अंग तापतंय, मी पाणी ओततेय. मागून वनखात्याचा माणूस ओरडतो, "मेलं की ओ डॉक्टर! चला आता!" एरवी तुम्ही त्याला सोलूनच काढला असता. तुम्ही नुसतं ओठांवर बोट ठेवलंत. "पावणं, ज्यानं झोपवलं त्यानं उठंपतूर बसायचं." मग तिच्या कानाशी वाकलात. "ऊठ की गं बाय." इतक्या मायेनं मला कधी हाक मारली नव्हतीत. अब्बा, मला त्या अस्वलाचा हेवा वाटला.

दुपारी तिचा कान हलला. रुमाल ओढून घेऊन आपण जीपमध्ये पळालो. ती झिंगत उठली, पडली, पुन्हा उठली आणि करवंदीच्या जाळीत शिरली. जीप सुरू होते न होते तोच तुम्ही माझ्यावर खेकसलात, "एक तार कापायला एवढा येळ लागतोय व्हय?"

पुढं तुमचंच ऑपरेशन झालं आणि तुम्ही शुद्धीवर आलाच नाहीत. आता ते उठायचे नाहीत असं डॉक्टर म्हणाले, तरी मी तुमच्या कानाशी "उठा की अब्बा" म्हणत बसले होते. शेवटी भाईजाननी दंडाला धरून मला बाहेर नेलं.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून सांगते. काल अस्वल उठलं, झाडीत गेलं. हाताखालची पोरं म्हणाली, "मॅडम, चला." मी तशीच बसून राहिले. मी तुमची वाट बघत होते.