स्टेअरिंगची थरथर

आबा,

खुंटीवरची पिकअपची चावी शोधू नका, म्या सोबत नेलीय. चाकाखाली दगड लावलेत, ते काढू नका. टोमॅटो न्यायला सास्तूरचा टेम्पो येईल.

दिवाळीत धरणाकडच्या चिखलाचं निमित्त करून म्या गाडी पुढून उंच करायला चार इंचाचं लिफ्ट किट बसवलं. उमरग्याचा मिस्त्री तवाच म्हणला व्हता, दोन इंचाच्या वर जाऊ नको, पुढची चाकं ज्याच्यावर वळतात ते बॉल जॉइंट खलास होतील. म्या ऐकलं न्हाय. मला गाडी रुबाबात उभी दिसायला पायजे व्हती. काल जॅक लावून चाक हलवलं तर खडखड वाजलं. दोन्ही जॉइंट गेलेत, टायरबी आतून झिजलेत.

स्टेअरिंग थरथरतंय ते त्यानंच, तुमच्या हातांनी न्हाय. "माझे हात कापायलेत, आता गाडी बास," असं आईला सांगून तुम्ही चावी खुंटीला अडकवली, तवा म्या शेजारीच जेवत व्हतो. हे किटमुळंच असणार, ह्ये ठाऊक असून मान खाली घालून भाकर मोडत बसलो.

दोन इंचाचं किट अन् नवे जॉइंट घेऊन सांजच्याला येतो. मग काय बोलायचं ते बोला.

आठ दिस झाले, तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी धरताय. आज एका हातानं धरून बघा.

अमरदीप