माझ्या पाच शिरा

१२ जानेवारी
पाच! डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पेन टेकवून दाखवल्या. फुप्फुसांतून हृदयात रक्त आणणाऱ्या शिरा बहुतेकांना चार असतात. मला उजवीकडे एक जास्तीची — बारीकशी. माझ्या धडधडीची ठिणगी ह्या शिरांच्या तोंडाशीच पडते म्हणे. जांघेतून नळी घालून प्रत्येक तोंडाभोवती डागायचं. "पाचवी विसरून चालणार नाही हं, आजी. आणि फार दिवस ढकलू नका. गुठळी झाली तर थेट मेंदूत जाते."
कळवते म्हटलं आणि उठले.

१३ जानेवारी
दिवसभर ह्यांचीच आठवण. जाऊन दोन वर्षं झाली. जन्मभर शरीररचना शिकवली ह्यांनी. चिरफाडीत कुणाच्या हृदयाला जास्तीची शीर सापडली की बुटांसकट स्वयंपाकघरात! "अगं, आज पाच निघाल्या!" मी आपली — "आधी हात धुवा." मग चहात बोट बुडवून टेबलावर चित्र. त्या डागांवरून किती भांडले मी! आता टेबल लख्ख असतं. नको वाटतं ते.
आणि पाच शिरांची बाई इतकी वर्षं ह्यांच्याच शेजारी घोरत होती! हसू आलं. मग रडूही.

१५ जानेवारी
मुलीचा फोन. "आई, तू थांबलीयेस कशासाठी?" काय सांगू? धडधडायला लागलं की हे मनगट धरून बसायचे. "उधळलंय घोडं. येईल ठाणावर." आता एकटीने ऑपरेशनच्या टेबलावर आडवं व्हायचं — भीती वाटते. सरळ आहे.

१६ जानेवारी
पुन्हा धडधड. लिहवत नाही.

१९ जानेवारी
ह्यांनी देह आपल्याच विभागाला दिला. हृदय तिथे बरणीत ठेवलंय, त्यांच्याच इच्छेने. "माझं काय, अगदी पुस्तकी निघणार," म्हणायचे. विभाग आता ह्यांचं शेंडेफळ सांभाळतं — शेवटच्या वर्गातला लाडका विद्यार्थी. आज न राहवून त्याला फोन लावला. "ह्यांच्या किती होत्या रे शिरा?" गडबडला बिचारा. "बघून सांगतो, काकू."

२० जानेवारी
तीन! डावीकडच्या दोन आधीच एक होऊन एकाच तोंडाने आत शिरतात. "सरांना हे कळायला हवं होतं," म्हणाला.
माझ्या पाच, ह्यांच्या तीन. दोघांच्या मिळून आठ — माणशी चार. अगदी पुस्तकी!
डॉक्टरीणबाईंना कळवलं. सोमवारी जाते.