व्हय बाई

८ जुलै
माझा व्हिडिओ फिरतोय. प्रभाबाईंनी स्टाफरूममध्ये दाखवला. आठवी ब, विज्ञानाचा तास. फळ्यावर पान काढत मी सांगतेय, "पानं रातीबी श्वास घेत्यात की. झोपली म्हणून थांबत न्हाईत." एवढंच. शिकवायच्या भरात मोहोळकडची बोली तोंडात येते, माझ्या लक्षातही येत नाही. पोरांनी मागे ढोलकी लावलीय. माझ्या डोक्यावर म्हशीची शिंगं.
प्रभाबाई हसल्या नाहीत. म्हणजे, माझ्यासमोर नाही.

१० जुलै
मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन गेले. वर्गात मोबाईल आणायला बंदी आहे, वाटलं शरच्चंद्र सर चौकशी करतील. त्यांनी चहा मागवला. व्हिडिओ पाहून प्रवेशासाठी किती पालकांचे फोन आले तेच सांगत बसले. मग म्हणाले, "वैजयंतीबाई, आता शाळेच्या पेजवर आपणच टाकू. दर शुक्रवारी एक रील."
मी म्हटलं, सर, मी मुद्दाम तसं बोलत नाही.
"मग मुद्दाम बोला."
मला अजून कायम केलेलं नाही. चहा प्यायले.

१८ जुलै
पहिलं शूटिंग. शाळेचं पेज सरांचा पुतण्या हृषीकेश बघतो. त्यानं भाड्याची हिरवी नऊवारी आणली होती. नऊवारी मी जन्मात नेसले नव्हते – माझी आईसुद्धा गोल साडी नेसते! पान अन्न कसं तयार करतं ते मी नीट समजावून सांगितलं. त्यानं ते सगळं कापलं. 'लई' आणि 'व्हय' तेवढं ठेवलं.

२५ जुलै
आज हजेरीला सगळा वर्ग "व्हय बाई" म्हणाला. एकेक जण, ओळीनं. मी हजेरी पूर्ण केली.

३ ऑगस्ट
गावाहून आईचा फोन. शेजारणीनं तिला रील दाखवली. "लोक हासत्यात का गं? आपुन असंच बोलतो की."
म्हटलं, आई, मुलांना माझं शिकवणं आवडतं म्हणून हसतात.
तिला खरं वाटलं. खूश झाली. "मग मला बी घे की एकदा त्यात."


१४ ऑगस्ट
हृषीकेश म्हणाला, बाई, आता लोकांना तुमचा कंटाळा आलाय, कोणी बघत नाही. सरांनी बोलावून घेतलं. कायम करायचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मग, सहज विचारल्यासारखं – तुमच्या वर्गात आणखी कुणी आहे का असं, गमतीशीर?
मी नाही म्हटलं.

२१ ऑगस्ट
माझ्या वर्गातली चंद्रिका अक्कलकोटकडची. घरी कन्नड बोलतात, मराठी वाचताना जोडाक्षरांवर अडते. म्हणून ती कधी हात वर करत नाही. आज मीच तिला उभं केलं. 'प्रकाशसंश्लेषण' वाचताना तीनदा चुकली. वर्ग हसला, तिचे कान लाल झाले.
"घाबरू नको बाळ," मी म्हटलं. "परत वाच. मोठ्यानं."
पुस्तकाआड धरलेला माझा मोबाईल जरा वर उचलला.