बाबांना उत्तर देऊ दे

९ जून

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. वहिनीला सांग, तिने दिलेली शाल दवाखान्यातल्या एसीत रोज कामाला येते. छोटीचा दात पडला म्हणे! फोटो पाठव.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

तू नेहमी विचारतोस, "प्रोफेसरीणबाई, दिवसभर करता काय?" तर ऐक. पार्किन्सनच्या पेशंटना डॉक्टरांनी तपासायच्या आधी मी त्यांच्या मनाबद्दल विचारते. उदास वाटतं का, कशात मन रमतं का, जगणं नकोसं होतं का. या आजारात नैराश्य पुष्कळांना येतं. त्यावर उपचार आहेत, पण विचारल्याशिवाय ते कळत नाही. चेहरा तसाही हलेनासा होतो, आवाज बारीक होतो, झोप जाते. घरचे म्हणतात, आजारच तो, असंच चालायचं.

आणि विचारते कुणाला, उत्तर देतं कोण! काल एक निवृत्त पोस्टमन आले होते. "झोप लागते का?" म्हटलं, तर त्यांची बायको म्हणाली, "घोरतात!" "उदास वाटतं का?" तर म्हणे, "त्यांना काय धाड भरलीय? आयतं ताट समोर येतं." ते बिचारे तोंड उघडेपर्यंत बाईंचं उत्तर देऊन झालेलं. शेवटी म्हटलं, काकू, जरा बाहेर बसता का? "का, मी काय खाते की काय त्यांना?" म्हणत गेल्या. दार लागल्यावर ते रडले. चेहरा तसाच, नुसतं पाणी. मी धावत डॉक्टर सरांना सांगायला गेले, तर सर म्हणाले, "एकेकाला एवढा वेळ दिलास तर रांग उद्यापर्यंत जाईल." इतकी चिडले की डबा तसाच परत आणला.

दादा, मागच्या खेपेला बाबांना आमच्या दवाखान्यात आणलंस, तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत तू होतास. घरच्या माणसाला मी विचारायचं नसतं, म्हणून माझ्या जागी आमच्या मॅडमनी विचारलं, "मन कसं आहे?" तू म्हणालास, "एकदम मजेत! घरात सगळ्यांना हसवतात." झालं. पुढचा नंबर पुकारला.

तू खोटं बोलला नाहीस. गवंडीकाम करताना भिंत तिरकी झाली की बाबा मालकाला म्हणायचे, "साहेब, भिंत सरळच आहे. जमीन वाकडी आहे." चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलायची नाही, आपण हसून लोळायचो. आता ते काहीही बोलले तरी आपण हसतो. मागच्या महिन्यात जेवताना म्हणाले, "मला वाढू नका, उगीच वाया जातं." तू म्हणालास, "बाबा फॉर्मात आहेत!" सगळे हसले. बाबांनी ताट सरकवलं.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. रविवारी घरी आले होते, तेव्हा दुपारी मी त्यांची नखं कापत होते. तू बाजारात गेला होतास. ते म्हणाले, "सकाळी जाग आली की वाईट वाटतं. अजून आहे म्हणून." मी थांबले. बाबांचा विनोद नेहमी दुसऱ्या वाक्यात असतो. दुसरं वाक्य आलंच नाही. मग माझा हात धरून म्हणाले, "दादाला सांगू नकोस. आधीच मरमर राबतो तो."

तू म्हणतोस, "हात थरथरतात म्हणून नेलं, डोक्याचं खूळ कुठून काढलंस?" हे खूळ नाही, दादा. तूच शाळा सोडलीस आणि मला शिकवलंस. गावभर सांगतोस, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. मग ते शिक्षण घरच्याच माणसाला का चालत नाही?

हे पत्र गावी निघालेल्या काकांच्या हाती देते आहे, संध्याकाळी मिळेल. उद्या सकाळीच बाबांना घेऊन ये. मॅडमशी बोलले आहे. त्या पुन्हा विचारतील, बाबांना उत्तराला वेळ लागेल, आणि तू बाहेर बसशील. तोवर त्यांना एकटं सोडू नका, गोळ्या वहिनीकडे ठेवा. नाही आलास तर मी पहिल्या गाडीने येऊन त्यांना घेऊन जाईन. मग दारात उभा राहून हवं तेवढं भांड.

बाबांचा शब्द मोडलेली,
तुझी धाकटी