पिवळी तार, निळी तार

मंगळवार, ४ फेब्रुवारी
भाचीने सगळ्या नातेवाइकांना कळवले आहे की, आम्ही दोघे भावंडे रविवारी या घरात राहायला आलो आणि आल्या दिवसापासून जिन्यातला दिवा बिघडलेला आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत. आम्ही सोमवारी, ३ तारखेला, सकाळी साडेदहाला आलो. आणि दिवा बिघडलेला नाही, त्याची वायरिंग बिघडलेली आहे. या दोहोंत फरक आहे.

घर मात्र झकास आहे. खाली स्वयंपाकघर आणि माझी खोली, वर ताईची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला आता उजेड आणि सावली एवढेच कळते. वरची खोली तिने हट्टाने घेतली, कारण तिथले ऊन अंगाला जाणवते. मधला जिना सतरा पायऱ्यांचा, बिनखिडकीचा, भर दुपारीही अंधारा. त्यातला दिवा खालून लावता आणि वरून मालवता आला पाहिजे. मी हे सगळे फूटपट्टी घेऊन मोजत होतो, तेव्हा ताई म्हणाली, पंडित, निदान या घराला तरी पास कर.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
वायरमन आला. बोलणे सैल, पण हात नेटके. दोन जागांहून एक दिवा चालवायचा, तर दोन स्विचांमध्ये तीन तारा लागतात, शिवाय अर्थिंगची वेगळी. आधीच्या कुणीतरी दोन तारांच्या केबलवर भागवले होते आणि तिसरीच्या जागी अर्थिंगची हिरवी तारच जुंपली होती. काका, हा दिवा नाही, उंदराचा पिंजरा आहे, असे तो म्हणाला. मग लगेच, दुकानात पातळ केबल पडून आहे, तीही चालेल, असेही म्हणाला. 'चालेल' आणि 'योग्य' हे समानार्थी शब्द नव्हेत, असे मी त्याला सांगितले. दीड चौरस मिलिमीटरची, तांब्याची, तीन कोर आणि अर्थिंग असलेली केबल; मध्ये एकही जोड नको; आणि ती भिंतीत न गाडता भिंतीवरून, पांढऱ्या पट्टीतून, डोळ्यांसमोर न्यायची.

शनिवार, ८ फेब्रुवारी
काम मनासारखे झाले. जुनी केबल दोन्ही टोकांना तोडून निकामी केली. सतराच्या सतरा पायऱ्या उजळल्या. ताई दोनदा चढली, दोनदा उतरली, आणि दोन्ही वेळा तिने मला हात धरू दिला नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
ताईने आज माझे कौतुक केले. ही दुर्मीळ घटना असल्यामुळे नोंदवतो. मधला स्विच बसवलास ते फार बरे केलेस, असे ती म्हणाली. नवव्या पायरीवर दम लागतो, आणि नेमका तिथेच तो हाताला येतो.

मधला स्विच नाही, असे मी तिला सांगितले. आंधळी मी की तू, असे तिने विचारले.

नवव्या पायरीवर उभा राहून पाहिले. पट्टी सलग आहे. भिंत कोरी आहे. दोन्ही तळवे फिरवून पाहिले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
दोन दिवस दिवा मनाला येईल तेव्हा लागतो आणि मालवतो. वायरमनला बोलावले. त्याने दोन्ही स्विच काढले, तारांची टोके मोकळी केली आणि कोणते टोक कोणत्या तारेचे हे पाहायला मीटर लावला. खालची पिवळी वरच्या पिवळीशी जुळली. खात्रीसाठी त्याने पाच मिनिटांनी पुन्हा तपासले. खालची पिवळी वरच्या निळीशी जुळली.

तारांची अशी अदलाबदल एकच वस्तू करते, असे तो म्हणाला: मधे बसवलेला तिसरा स्विच.

आम्ही पट्टीचे झाकण खालपासून वरपर्यंत उघडले. केबल अखंड. कुठे चीर नाही, जोड नाही. त्याने तिसऱ्यांदा तपासले. पिवळीशी पिवळी.

त्यानंतर त्याने एकही विनोद केला नाही. स्विच पुन्हा बसवले आणि हत्यारे गोळा केली. काका, केबल बरोबर आहे, एवढेच म्हणाला. आता फोन उचलत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी
ताईला खोदून विचारले. तो स्विच गार नसतो, म्हणाली. आज तिच्याआधीच त्यावर कुणाचे तरी बोट होते. तिला ते माझे वाटले. सरक की रे मेल्या, असे ती त्याला म्हणालीसुद्धा.

बोट सरकले.

मी तेव्हा खाली होतो.

रविवार, १६ फेब्रुवारी
दुपारी बारा. ताई नवव्या पायरीवर. मी खालच्या स्विचपाशी, हात खिशात. वर कुणीही नाही. खट् — दिवा गेला. ती दोन पायऱ्या घसरली. कठडा सापडला म्हणून — मनगट सुजले आहे.

भाचीला फोन केला. मामा, तुमच्या त्या केबलच्या हट्टापायी म्हातारी जीव गमावेल, म्हणाली. उद्या चारला न्यायला येते.

चारपर्यंत —

सोमवार, १७ फेब्रुवारी, दुपारी साडेतीन
मेन स्विच उतरवला आहे. ताई वर, खुर्चीत. भाची आली की दोघे मिळून तिला धरून खाली आणू. तोवर उठायचे नाही, असे कबूल करून घेतले आहे. मी जिन्याच्या तळाशी, उघड्या दारात बसलो आहे. वर काळोख. भाची फोनवर तारखा चुकीच्या सांगत होती. वेळ जावा म्हणून दुरुस्त करतो.

राहायला आलो: सोमवार, ३. रविवार, २ नव्हे.

केबल बदलली: ८. तेरा तारखेला फक्त तपासली. केबल योग्य होती.

ताईला तिसरा स्विच सापडला: ११. 'पडल्यानंतरचा भास' नव्हे.

ताई घसरली: १६. तिचा पाय चुकला नाही. दिवा मालवला गेला.

वीज बंद केली: १७, तीन वाजून दहा मिनिटे. मेन आत्ताही खालीच आहे, समोर दिसतो आहे —

जिन्यात उजेड —

ताई वरून म्हणते आहे, लावलास ना दिवा, मग आले मी. आणि पंडित, हात जरा हलका धर, मनगट दुख—